डावीकडे चालणारा माणूस

तीन टाकीजवळ, झेरॉक्स आणि पोळी-भाजी केंद्राच्या मध्ये
आठ बाय सहाचं आमचं दुकान.
पाटीवर अजून बाबांचंच: भोईर टीव्ही-रेडिओ.
गिऱ्हाईक आत डोकावतं, मला बघतं,
विचारतं, दादा कधी येतील?
दादा नाहीत. कंट्रोलर द्या.

आज दोघं एकदमच आले.
पामबीचवरचा अद्वय, पाठीवर खास शिवून घेतलेली बॅग,
बॅगेत प्लेस्टेशन.
आणि मार्केटातला गावडे, बटाट्याच्या गाळ्यावरचा,
रात्री ट्रक खाली झाला की दोन वाजता फुटबॉल खेळणारा.
त्याचा एक्सबॉक्स टॉवेलात.
तक्रार एकच:
हात लावला नाही तरी माणूस डावीकडे चालतो.
भिंतीला लागतो,
तरी पाय हलवत राहतो.

स्टूल एकच, त्यामुळे भांडण उभ्यानं.
अद्वय म्हणाला, चांगल्या गोष्टी सगळ्या आमच्याकडेच येतात.
गावडे म्हणाला, गोष्टी ऐकायच्या तर कीर्तनाला बस.
मी महिन्याचे पैसे भरतो, शंभर गेम उघडतो.
तुझ्या एका गेममध्ये माझी खोली भाड्यानं मिळते, राव.
क्लासला निघालेला एक चष्मेवाला मध्येच थांबला.
त्याच्याकडे कॉम्प्युटर, स्वतः जोडलेला.
म्हणाला, तुम्ही दोघंही सायकलला बाजूची चाकं लावून फिरता.
एवढं बोलून गेलासुद्धा.
मग दोघांची पाच मिनिटं एकी झाली.

कोपऱ्यात नायरबाई, मिक्सरसाठी थांबलेल्या,
मोबाइलवर गोळ्यांच्या रांगा फोडतायत.
पातळी चार हजार एकशे बारा.
त्यांना कुणी विचारलं नाही
तुम्ही कुठल्या बाजूच्या.

कुठे त्या कंपन्या, कुठली त्यांची ऑफिसं,
कोणाचा डबा किती खपला याचे तक्ते.
नफा तिकडेच राहतो.
भांडण तेवढं कोपरखैरण्यापर्यंत येतं,
डिलिव्हरी फुकट.

आमच्या घरी कुठल्याच कंपनीचा नव्हता.
राखाडी डबा, नाव पुसट, पिवळी कॅसेट.
कॅसेटवर नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम, आत चार.
चुलतभाऊ जयवंत एक नंबरवर,
दोन नंबरचा कंट्रोलर माझा.
वर्षभर खेळले मी.
बटणं दाबून अंगठ्याला घट्टा पडला.
पडद्यावर माझा माणूस उडी मारायचा, पडायचा,
कधी मी म्हणेन तसा, बहुतेकदा नाही.
मला वाटायचं, माझंच चुकतंय.

एका दुपारी जयवंत शाळेत असताना
तार धरून मागे मागे गेले,
कॉटखालून, पत्र्याच्या ट्रंकेमागून,
आणि पिन हातात आली.
कशातच न खोचलेली.

रडले नाही. बाबांचा स्क्रूड्रायव्हर घेतला.
मी उघडलेली ती पहिली वस्तू.

तेव्हा हात लावून हलत नव्हता माझा माणूस.
यांचा हात न लावता चालतोय.
मधल्या पंचवीस वर्षांत
मी एवढंच शिकले:
झाकण काढा.

काढलं. दोन्हींचं.
वरून काय काय वेगळं: बटणं, चिन्हं, पकड, रुबाब.
आत अंगठ्याखालची काडी एकाच घडणीची,
तीच चौकोनी पेटी, तेवढेच पाय,
कोपऱ्यात तोच बिस्किटाचा चुरा.
नवीन काडी माझ्याकडे एकच होती.
ती गावडेला लावली, तो आधी आला होता, अर्ध्या मिनिटानं.
अद्वयसाठी भंगाराचा डबा उलथा केला.
एका मेलेल्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमधून काढली,
चौदा पाय सोडवले,
चौदा जोडले.
कथिलाचा वास दुकानभर.

सांगितलं नाही.
काही गोष्टी बिलात लिहायच्या नसतात.

बाबांच्या जुन्या टीव्हीला जोडून बघितलं.
माणूस माळावर उभा, मागे डोंगर.
मी कंट्रोलर काउंटरवर ठेवला, हात वर केले.
अद्वयनं श्वास धरला, गावडेनंही,
जणू त्याचाच आहे.

नाही हलला.

गवत हलत होतं फक्त.
बराच वेळ आम्ही बघत राहिलो
त्या न चालणाऱ्या माणसाकडे.
मग नायरबाई म्हणाल्या,
"मिक्सर?"